फुकटची लीद आणि स्कॅबिओसाचा वाफा

आमच्या ओळखीत कुणी नवं घर घेतलं की पहिल्या वसंतात फोन येतोच. "वहिनी, गणपतीत तुमच्याकडे ती निळी-जांभळी फुलं होती ना, ती आम्हालाही लावायचीत. रोपं कुठून आणली?" ती फुलं स्कॅबिओसाची. इथे अमेरिकेतल्या नर्सरीत पिनकुशन फ्लॉवर म्हणून मिळतात. रोपं कुठून आणली ते मी नंतर सांगते. आधी विचारते, वाफ्यात काय घातलंय, किंवा काय घालायचा विचार आहे? बहुतेकांचं उत्तर एकच असतं: "मस्त शेणखत मिळतंय, दोन पोती टाकणार." तिथे मी त्यांना थांबवते आणि आमच्या वाफ्याची हकिगत सांगते. तीच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण फोनवर अर्धी राहते आणि एप्रिल आला की लोक घाईत असतात.

आधी झाडाची ओळख. स्कॅबिओसाच्या लांब, सडसडीत देठावर एकच फूल येतं, पण ते एक फूल म्हणजे बारीक बारीक फुलांचा दाट गुच्छ असतो. कडेच्या फुलांच्या पाकळ्या मोठ्या आणि चुणीदार, मधली फुलं लहान, आणि त्यांतून पुंकेसर वर डोकावलेले. मूळ मुलूख भूमध्य समुद्राच्या भोवतालचा, कॉकेशसचा, युरोपातल्या चुनखडीच्या उतारांचा. आपल्या पश्चिम हिमालयातही या गोतातलं एक झाड रानोमाळ फुलतं. हा सगळा मुलूख उन्हाचा, मोकळ्या वाऱ्याचा, पाणी पडलं की वाहून जाईल अशा जमिनीचा. एवढं ध्यानात ठेवलं की या झाडाला काय हवं ते निम्मं कळलं.

अमेरिकेत घरगुती बागेत मुख्यतः तीन-चार जाती दिसतात. ॲट्रोपर्प्युरिया ही बियांपासून लावायची, एका हंगामाची, दोन-तीन फूट उंच. हिच्यात पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्या किरमिजीपर्यंत रंग आहेत, 'ब्लॅक नाइट' आणि 'फाटा मॉर्गाना' हे वाण सहज मिळतात. कोलंबारिया ठेंगणी आणि बहुवर्षायू. तिचं 'बटरफ्लाय ब्ल्यू' हे वाण २००० साली इथल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने वर्षाचं झाड म्हणून निवडलं आणि तेव्हापासून ते प्रत्येक नर्सरीत दिसतं. कॉकेसिका मोठ्या फुलांची, थंडी सोसणारी, पण दमट उकाड्यात कुढणारी. आणि स्टेलाटा, जिची फुलं साधीच, पण वाळलेली बोंडं फुलदाणीत महिनोन् महिने टिकतात.

आता आमचा वाफा. आम्ही न्यू जर्सीच्या सॉमरसेट काउंटीत राहतो. इथे खाली तांबडा शेल खडक आहे आणि त्याची झालेली तांबडी चिकणमाती. माझं माहेर तासगावचं. तांबडं रान म्हटलं की मला मुरमाड माळ आठवतो, पाणी पडलं की घटकेत जिरवणारा. इथली तांबडी माती तशी नव्हे. ती पाणी धरते, हिवाळ्यात लोण्याइतकी मऊ आणि ऑगस्टात कुदळ उडेल इतकी कडक होते. वर पाऊस बारा महिने. वर्षाला पंचेचाळीस इंचांच्या आसपास, तोही सगळ्या महिन्यांत वाटून. आपल्याकडे पावसाळा संपला की जमीन श्वास घेते, इथे तशी उसंत मिळत नाही. अशा मातीत सेंद्रिय खत घालावं हे कुणीही सांगेल, आणि ते बरोबरही आहे.

खत मिळणंही इथे सोपं. न्यू जर्सीत घोडे भरपूर. घोडा हा १९७७ पासून या राज्याचा अधिकृत प्राणी आहे. आमच्या घरापासून गाडीने थोड्या अंतरावर एक तबेला आहे, तिथे कुजलेल्या लिदीचा डोंगरच असतो आणि बागवाल्यांना ती फुकट नेऊ देतात. काळी, भुसभुशीत, वास नसलेली, गांडुळं वळवळणारी लीद. द्राक्षबागेच्या घरातल्या मुलीला असं खत म्हणजे सोनं. ती आम्ही एका वसंतात ड्राइव्हवेच्या कडेच्या लांब वाफ्यात, भाजीच्या चौकोनात आणि झेंडूच्या रांगेत घातली.

मेमध्ये घरात वाढवलेली ॲट्रोपर्प्युरियाची रोपं आणि नर्सरीतली कोलंबारिया बाहेर लावली. पहिले काही दिवस सगळं ठीक. मग नवीन फूट येऊ लागली ती वाकडी. स्कॅबिओसाचं कोवळं पान खाचांचं, सपाट, मऊसर असतं. हे पान कडांनी आत वळलेलं, अरुंद, शिरा जवळजवळ समांतर झालेल्या, देठ गिरकी घेतलेला. जुनी पानं अगदी धडधाकट आणि वरचा शेंडा मात्र मूठ आवळावी तसा. मला वाटलं मावा असेल, पण पान उलटून भिंगाने पाहिलं तर किडीचा मागमूस नव्हता. मग पाणी कमी-जास्त करून पाहिलं. तेवढ्यात भाजीच्या चौकोनात टोमॅटोची पानं नेच्यासारखी चिंचोळी होऊन वळली, घेवड्याची पेल्यासारखी झाली, झेंडू जागीच खुंटला. त्याच चौकोनातला मका मात्र हिरवागार, गुडघ्याला लागलेला.

व्हिडिओ कॉलवर माहेरी माझ्या वडिलांना, अण्णांना, पानं दाखवली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "अगं, ह्यो रोग न्हाई. शेजारच्या उसात टूफोरडी मारलं की आपल्या द्राक्षाचं पान असंच व्हतंय. तुझ्याकडं कुणी तणनाशक मारलंय का?"

कुणीच मारलं नव्हतं. आमच्या लॉनवर नाही, शेजाऱ्यांच्याही नाही. पण अण्णांनी बोट योग्य ठिकाणी ठेवलं होतं. द्राक्षपट्ट्यातल्या शेतकऱ्याला ही खूण आयुष्यभराची ओळखीची: उसातली रुंद पानांची तणं मारायला टू-फोर-डी मारतात, वाऱ्याने त्याचा फवारा शेजारच्या बागेवर येतो, आणि द्राक्षाचं पान पंख्यासारखं आखडतं. ऊस गवताच्या कुळातला, म्हणून त्याला धक्का लागत नाही. आमचा मकाही गवताच्याच कुळातला. तो शाबूत आणि बाकी सगळं वाकडं, याचा अर्थ उघड होता. आमच्याकडे औषध वाऱ्यावरून आलं नव्हतं, ते खतातून आलं होतं.

रटगर्स विद्यापीठाची विस्तार सेवा न्यू जर्सीच्या प्रत्येक काउंटीत आहे आणि तिथल्या मास्टर गार्डनर स्वयंसेवकांना फोन करून, फोटो पाठवून फुकट सल्ला मिळतो. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "घोड्याची लीद घातली होती का?" तेव्हा मला कळलं की आमच्यासारखे बरेच आहेत.

प्रकार असा आहे. कुरणातली रुंद पानांची तणं मारायला अमिनोपायरालिड, क्लोपायरालिड, पिक्लोराम अशा नावांची तणनाशकं वापरतात. त्यांतलं अमिनोपायरालिड अमेरिकेत २००५ साली नोंदलं गेलं. ती गवताला काही करत नाहीत, म्हणूनच कुरणासाठी सोयीची. ते गवत कापून, वाळवून गाठी बांधल्या तरी औषध त्यात राहतं. घोड्याने वा गाईने ते गवत खाल्लं की औषध पोटात न मोडता बरंचसं जसंच्या तसं शेण-मुतावाटे बाहेर पडतं. उकिरड्यात इतर बहुतेक औषधं महिन्या-दोन महिन्यांत मोडतात. ही चिवट आहेत, ढीग तापून काळा झाला तरी टिकतात. आणि फार थोडी पुरतात, अब्जात काही भाग एवढ्यानेही घेवड्याचं पान वळतं. खत डोळ्यांना कितीही देखणं दिसो, गांडुळं कितीही असोत, त्यावरून काहीच कळत नाही. गांडुळांना या औषधाने फरक पडत नाही.

हे काही आमच्याच अंगणातलं नवल नव्हे. वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन शहराच्या कंपोस्टात १९९९-२००० च्या सुमारास क्लोपायरालिड सापडलं आणि लोकांच्या भाज्या वाया गेल्या. त्या राज्याने २००२ मध्ये लॉनवर त्याचा वापर बंद केला. ब्रिटनमध्ये २००८ साली अमिनोपायरालिडच्या शेणखताने परसबागांची इतकी वाट लागली की त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली. व्हर्माँटमध्ये २०१२ साली सार्वजनिक कंपोस्टात हीच भानगड निघाली. या औषधांच्या लेबलवर स्पष्ट सूचना असतात की फवारलेलं गवत खाल्लेल्या जनावराचं शेण बागेला वापरू नये. पण लेबल राहतं फवारणाऱ्याच्या कोठारात. गवत विकलं जातं, एका राज्यातून दुसऱ्यात जातं, मध्ये व्यापारी बदलतात, आणि तबेल्यातल्या मुलीला गाठीवर काय मारलं होतं ते ठाऊक असायचं कारणच नसतं. आमच्या तबेल्यातही नव्हतं. त्यांनी गवतवाल्याला फोन केला, तेव्हा एवढंच कळलं की गाठी दुसऱ्या राज्यातून आलेल्या.

आता यादी पाहा. या औषधांचा सगळ्यात जास्त फटका कुणाला बसतो? शेंगांचं कुळ, टोमॅटो-वांग्याचं कुळ, आणि झेंडू-शेवंतीचं कुळ. म्हणजे घेवडा, पावटा, वाल, गवार, मेथी, टोमॅटो, वांगी, मिरची, आणि दसऱ्याचा झेंडू. इथल्या मराठी घराच्या परसात जे जे लावतात ते बहुतेक सगळं या यादीत बसतं. स्कॅबिओसा या तिन्ही कुळांत येत नाही, पण मिडवेस्टमध्ये रस्त्याकडेला माजलेलं टीझल नावाचं तण मारायला हेच अमिनोपायरालिड वापरतात, आणि टीझल हे स्कॅबिओसाच्या अगदी जवळच्या नात्यातलं. तेव्हा त्याला ते सोसणार नाही हे उघड आहे.

म्हणून शेणखत, लीद, वाळलेलं गवत, कुठल्याही अनोळखी ठिकाणचं कंपोस्ट बागेत घालण्याआधी घेवड्याची परीक्षा घ्या. प्रयोगशाळेत ही तपासणी महाग पडते आणि सगळ्या प्रयोगशाळा ती करतही नाहीत. घेवडा मात्र खरं सांगतो. ढिगाच्या वेगवेगळ्या जागांतून, वरून-खालून-मधून मूठमूठ खत घेऊन एकत्र करा. त्यात तेवढीच विकतची कुंडीची माती मिसळून तीन-चार लहान कुंड्या भरा. तेवढ्याच कुंड्या नुसत्या विकतच्या मातीच्या भरा. प्रत्येकीत तीन-चार घेवड्याचे नाहीतर वाटाण्याचे दाणे टोका. खताच्या कुंड्यांचं निथळलेलं पाणी दुसऱ्या कुंड्यांत जाऊ देऊ नका, प्रत्येकीखाली वेगळी बशी ठेवा. खिडकीतल्या उन्हात दोन-तीन आठवडे थांबा. पहिली जोडीची पानं बघून निकाल लावू नका, त्यानंतरची तीन-तीन पानांची फूट येऊ द्या. दोन्हीकडची झाडं सारखी असतील तर खत वापरा. खताकडची पानं पेल्यासारखी वळली, शेंडा गिरकी घेतोय असं दिसलं, तर ते खत फुलाभाजीजवळ येऊ देऊ नका. हा प्रयोग फेब्रुवारी-मार्चमध्ये करायचा. एप्रिलच्या शनिवारी गाडीची डिकी उघडी ठेवून कुणालाही तीन आठवडे थांबवत नाही.

खत आधीच घातलं असेल तर? हातून जेवढं खरवडून काढता येईल तेवढं काढा आणि लॉनवर पातळ पसरा. गवताला त्याने काही होत नाही. तेवढ्या जागेतलं कापलेलं गवत मात्र वाफ्यावर आच्छादन म्हणून आणू नका. हे खत नगरपालिकेच्या कंपोस्टात किंवा स्वतःच्या कंपोस्टच्या डब्यात टाकू नका, नाहीतर तुमचं दुखणं दुसऱ्याच्या दारात जाईल. उरलेलं औषध मातीतले जिवाणू मोडतात, पण त्यांना हवा आणि ओल लागते, म्हणून माती अधूनमधून खालीवर करा आणि कोरडी पडू देऊ नका. त्या हंगामात तिथे मका लावा, हिवाळ्यासाठी राय पेरा. आम्ही तसंच केलं. पुढच्या वसंतात वाफ्यातली माती कुंडीत भरून पुन्हा घेवडा लावला, तो सरळ वाढला, तेव्हाच स्कॅबिओसाची रोपं बाहेर आणली. काही बागांना एकाहून जास्त हंगाम थांबावं लागतं.

आता मला लोकांना आवर्जून सांगावंसं वाटतं ते दुसरं. आमची लीद निर्धोक असती तरी स्कॅबिओसाच्या वाफ्याला ती एवढी नकोच होती. भरपूर खत मिळालं की हे झाड पानांनी माजतं, देठ लुळे पडतात, फुलं उशिरा आणि थोडी येतात, आणि हिवाळ्याआधी कोवळी फूट धरून बसतं. आपण गुलाबाला, शेवंतीला जसं भरभरून खतपाणी करतो तसा हात इथे आखडता घ्यावा. वसंतात मुळांभोवती चांगल्या कंपोस्टचा इंचभर थर पुरतो. रासायनिक खताची गरज पडत नाही.

याला खरी गरज निचऱ्याची आणि चुन्याची. आमच्या भागातली माती आम्लधर्मी, आणि स्कॅबिओसाला उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी हवी. सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान. रटगर्सच्या माती प्रयोगशाळेत थोडक्या पैशांत तपासणी होते, किती चौरस फुटांना किती पाउंड चुना टाकायचा हेही ते लिहून देतात. अंदाजाने टाकू नका. आणि चुना शरद ऋतूत घाला, त्याला मातीत मुरायला काही महिने लागतात. निचऱ्यासाठी चिकणमातीत नुसती बारीक वाळू मिसळायचा मोह टाळा, ती मातीशी सांधून विटेसारखी घट्ट बसते. त्यापेक्षा आठ-दहा इंच उंच गादीवाफा करा, त्यात मूळची माती, कंपोस्ट आणि भरड खडी मिसळा. पाऊस थांबल्यावर तासाभराने वाफ्यावर पाणी साचलेलं दिसत असेल तर तिथे स्कॅबिओसा लावू नये. जागा उन्हाची, रोज निदान सहा तास थेट ऊन मिळेल अशी. जॉर्जिया, कॅरोलायनाकडे दुपारनंतर थोडी सावली चालते, किंबहुना बरी पडते.

बी पेरणं सोपं आणि त्यात मजाही आहे. स्कॅबिओसाचं बी पाहिलं नसेल तर एकदा तळहातावर घेऊन बघा. बॅडमिंटनच्या फुलासारखं दिसतं: खाली टणक, केसाळ दाणा, वर कागदी झालर, आणि झालरीच्या मधोमध पाच काळसर ताठ केस. झालर काढायची गरज नाही. शेवटच्या फ्रॉस्टच्या चार-सहा आठवडे आधी घरात पेरा. मध्य न्यू जर्सीत म्हणजे मार्चच्या अखेरीस. ट्रेमधली माती हलकी, ओलसर, पण गचपणा नको. बियांवर माती नुसती भुरभुरवा. पासष्ट ते सत्तर अंश फॅरनहाइट तपमानात दोनेक आठवड्यांत कोंब दिसतात, कॉकेसिका मात्र वाट पाहायला लावते. उगवल्याबरोबर भरपूर प्रकाश हवा, नाहीतर रोपं उंच, पांढुरकी होऊन कोलमडतात. खिडकीपेक्षा दिव्याखाली चांगली होतात.

बाहेर लावायच्या आधी आठवडाभर रोपं दिवसा पडवीत ठेवून वाऱ्या-उन्हाची सवय करा. ॲट्रोपर्प्युरियामध्ये फूटभर अंतर ठेवा, बहुवर्षायू जातींत थोडं जास्त. हवा खेळली की भुरी कमी येते. लावताना रोपाचा बुंधा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मातीच्या पातळीवर किंवा केसभर वर राहू द्या. तो पुरला गेला की पहिल्याच हिवाळ्यात कुजतो. इथल्या लोकांना लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन वाफाभर जाड पसरायची सवय असते आणि लँडस्केपवाले तर झाडाच्या गळ्यापर्यंत ढीग लावून जातात. स्कॅबिओसाच्या बुंध्याभोवती बोटभर जागा मोकळी ठेवा, किंवा तिथे बारीक खडी पसरा.

पहिल्या हंगामात आठवड्याला इंचभर पाणी, पावसाचं धरून. मुळं बसली की मग वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. लॉनच्या स्प्रिंकलरच्या पट्ट्यात हा वाफा येणार नाही असं बघा. रोज पहाटे पानांवर उडणाऱ्या पाण्याने भुरी आणि कूज दोन्ही येतात, आणि जुलैच्या दमट हवेत ती थांबवणं कठीण असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या भागात झाड रुसतं. फुलं विरळ होतात, पानं निस्तेज. लोक घाबरून खत-पाणी वाढवतात, तिथे मुळं कुजायला लागतात. ते उकाड्याने दमलेलं असतं एवढंच. कोलंबारियाचे सगळे फुलदेठ बुंध्याजवळच्या पानांपर्यंत कापून टाका आणि सोडून द्या. सप्टेंबर लागून रात्री गार झाल्या की नवी फूट येते.

बहर टिकवायचा असेल तर सुकलेली फुलं वेळच्या वेळी खुडावी लागतात, आणि इथे नवखी माणसं चुकीचं खुडतात. कळी आणि फुलून गेलेलं बोंड, दोन्ही हिरवी गोल दिसतात. पण कळी चपटी असते, बटणासारखी पसरट, दाबली तर मऊ, मध्ये दाटीने मिटलेल्या बारीक कळ्या दिसतात. बोंड घुमटासारखं वर फुगलेलं असतं आणि त्यावर काळे केस उभे राहिलेले असतात. बोंड काढायचं, कळी ठेवायची. नुसतं डोकं तोडू नका, देठ खाली जिथे दुसरी कळी किंवा पानांची जोडी आहे तिथपर्यंत नेऊन कापा. नाहीतर वाफाभर नुसत्या काड्या उभ्या राहतात.

फुलदाणीसाठी सकाळी, बाहेरच्या ओळीच्या पाकळ्या उमलल्या आणि मधलं अजून घट्ट आहे अशा वेळी कापा. पाणी दिवसाआड बदललं तर आठवडाभर टिकतं. गणपती ऑगस्टअखेरीला किंवा सप्टेंबरात येतात तेव्हा ॲट्रोपर्प्युरिया इथे फुलावर असते. त्यासाठी जुलैच्या उत्तरार्धात एकदा बेताची छाटणी करून ठेवावी. दूर्वा, लाल जास्वंद आणि झेंडूशेजारी ही निळी फुलं मखरात फार शोभतात.

रोग-किडीचा फारसा त्रास नाही. मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. भुरीची पानं काढून टाका. बिनशंखाच्या गोगलगाई कोवळी रोपं रात्रीत खातात, विशेषतः सिॲटलकडे. त्यांना संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचावं. ससे आणि ग्राउंडहॉग मात्र पहिल्या महिन्यात जाळी लावल्याशिवाय ऐकत नाहीत.

या फुलावर भुंगे, मधमाश्या, फुलपाखरं अखंड असतात. म्हणूनच नर्सरीतून रोप घेताना विचारा की त्याला निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक दिलेलं आहे का. हे औषध मुळांतून साऱ्या झाडात भिनतं, परागात आणि मधातही उतरतं. न्यू जर्सीने २०२२ साली कायदा करून घरबागेत त्याचा वापर आवळला, पण रोप बाहेरच्या राज्यातूनही आलेलं असू शकतं. दुकानदाराला सांगता येत नसेल तर बियांपासून लावा, त्यात खात्री आपल्या हातात राहते.

हिवाळ्याआधी बहुवर्षायू जातींची बुंध्याजवळची हिरवी पानं कापू नका, ती झाडाला सांभाळतात. उरलेली साफसफाई मार्चमध्ये. थंडीपेक्षा ओल यांच्या जास्त जिवावर उठते, त्यामुळे छपराची पन्हळ त्या वाफ्यात सांडत नाही ना ते नोव्हेंबरात बघून घ्या. तीन-चार वर्षांनी मधला भाग विरळ होतो, तेव्हा वसंतात रोप उपटून कडेचे जोमदार फुटवे वेगळे लावा. ही झाडं मुळातच अल्पायुषी, त्यामुळे दर वर्षी चार नवी रोपं तयार ठेवलेली बरी. शेवटची काही बोंडं झाडावर राहू द्या. गोल्डफिंच पक्षी दाणे टिपायला येतात, तो आमच्या राज्याचा पक्षीही आहे. स्वतःसाठी बी धरायचं तर बोंड तपकिरी होऊन हात लावताच सुटेल इतकं वाळल्यावर धरा, आणि ते कागदी पाकिटात ठेवा. घरच्या बियांतून रंग मात्र वेगवेगळे निघतात.

न्यू जर्सीबाहेरच्यांसाठी थोडं. शिकागो, मिनेसोटाकडे कॉकेसिका आणि 'बटरफ्लाय ब्ल्यू' चांगली, उन्हाळा सौम्य असल्याने फुलं जास्त दिवस चालतात. ह्यूस्टन-डॅलसकडे ॲट्रोपर्प्युरिया शरद ऋतूत पेरावी, ती वसंतात फुलते आणि जूनच्या उकाड्यात संपते. बहुवर्षायू जातींवर तिथे पैसे घालू नयेत. बे एरियाची हवा तर ॲट्रोपर्प्युरियाच्या माहेरचीच. तिथे अडचण उलटी असते, ती आपोआप उगवून बाहेर पसरते. कॅलिफोर्नियात ती रानात रुजलेलीच आहे. मोकळ्या टेकड्यांलगत घर असेल तर एकही बोंड झाडावर पिकू देऊ नका. पक्ष्यांसाठी ठेवायचा सल्ला तुमच्यासाठी नाही.

आणि रानफुलांच्या मिश्र बियांची स्वस्त पाकिटं घेताना मागची यादी वाचा. त्यांत कधी कधी फील्ड स्कॅबियस असतं. दिसायला हेच, फिकट जांभळं, नाव सारखं, पण प्रजाती निराळी: नॉटिया आर्व्हेन्सिस. युरोपातून आलेलं हे झाड कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात उपद्रवी तणांच्या सरकारी यादीत आहे, कुरणंच्या कुरणं व्यापतं, आणि त्याची खोल मुळं उपटून निघत नाहीत. मग ते मारायला लोक पुन्हा तीच चिवट तणनाशकं कुरणावर फवारतात. यादीत ते नाव दिसलं तर पाकीट दुकानातच ठेवा.